मनगट

लार्चची झाडं हळदीसारखी पिवळी पडली
त्या आठवड्यात याखन पेअर दुकानात आला.
टोपीही काढली नाही.
काउंटरवर फडकं उलगडलं त्यानं,
आत चाळीस वर्षांचं पिस्तूल.
"याचं बावीस करून दे. नऊ एमएम आता झेपत नाही.
मनगट गेलंय माझं."

मी मनगटाकडे पाहिलं.
परवाच याच हाताने तो चर्चमागे
ओंडके फोडत होता, एका घावात एक.
बोलले नाही.
दुकान सोपवताना काकांनी सांगून ठेवलं होतं:
गिऱ्हाईक हत्याराबद्दल खरं बोलतं,
स्वतःबद्दल बोलेलच असं नाही.

लोकांना वाटतं, नळी बदलली की झालं.
तसं नसतं.
मोठ्या धक्क्यावर पोसलेली स्प्रिंग
लहान गोळीला जुमानत नाही.
जड स्लाइड जागची हलत नाही,
रिकामं पितळ दातांत धरून
रुसून बसते.
मग स्लाइड बदला, स्प्रिंग बदला, मॅगझिन बदला,
आणि उरतो काय तर सांगाडा,
त्यावर कोरलेला नंबर,
आणि अक्रोडाच्या मुठीवर
याखनच्या अंगठ्याने पाडलेला खळगा.
"एवढं सगळं काढलं तरी
माझ्या वहीत हे पिस्तूल तेच," मी म्हटलं.
तो हसला. पहिल्यांदाच.
"माणसाचंही तसंच धरायचं का मग?"
विचारलं,
आणि उत्तराला न थांबता गेला.

पंधरा दिवस लागले.
पहिल्या दहा गोळ्यांत तीनदा अडकलं.
शेवटी सुरळीत चालायला लागलं तेव्हा
आवाज एवढासा, की माझं मांजरही
शेगडीजवळून उठलं नाही.

पोचवायला मीच गेले.
दार सेराइनाने उघडलं.
"तू कोणाची गं?"
सांगितलं. आत आले.
"तू कोणाची गं?"
जेवणाच्या टेबलाखाली
एक उशी होती, घोंगडी, टॉर्च,
बशीत अर्धं बिस्किट.
माझी नजर तिथे गेली हे याखनने पाहिलं
आणि पायाने घोंगडी
जरा आत सारली.

इन नदीच्या पलीकडे रेंज,
अलीकडे त्यांचं घर.
शनिवारी दोनला पहिला बार निघतो,
समोरचा डोंगर तो उचलतो, परत फेकतो,
एकाचे चार होतात.
मी पैसे मोजले, पावती दिली.
मनगटाबद्दल
मीही काही विचारलं नाही.

मग सोमवारी दुरी आला.
"मनगट," म्हणाला.
बुधवारी मेन, त्याचा भाऊ, आणि पोस्टातली लादिना,
जिचं वय तेहतीस.
"मनगट."
नोव्हेंबर संपेपर्यंत
गावातली सगळी मनगटं गेली होती.
मी कोपऱ्यातल्या गावाहून सुटे भाग मागवत राहिले,
तिथल्या माणसाने फोनवर विचारलं,
तुमच्या खोऱ्यात कसली साथ आलीय का?

क्लोत तेवढा बधला नाही.
"बावीस म्हणजे पोरासोरांचा खेळ."
तो आता शनिवारी बस पकडून
खालच्या गावच्या रेंजवर जातो,
पिशवीत पिस्तूल, डबा आणि कुरकुर.
पण जातो.

काल मी पुलावर उभी होते.
दोन वाजले.
पलीकडून टक्, टक्,
कुणी ओट्यावर हेझलनट फोडावेत तसं.
डोंगराने कान टवकारले असतील,
उत्तर काही दिलं नाही.
अंगणात सेराइना चादरी वाळत घालत होती,
तोंडात दोन चिमटे.
तिने मान वर केली नाही.

याखनचा नेम पार बिघडलाय म्हणतात.
बिघडणारच.
गोळी झाडली की तो टार्गेटकडे बघत नाही,
नदीकडे बघतो.

नऊ एमएमच्या सहा नळ्या
माझ्या खालच्या खणात आहेत,
तेल लावून, कागदात गुंडाळून.
वर नावं लिहिलीत.
परत कधी न्यायच्या,
ते कुणीच विचारलेलं नाही.